लाल दोऱ्याचं भांडं

तामोरे मॅडमनी मला एकदा सरळ प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. प्रश्न साधा होता, कुठलं भांडं वापरलं एवढाच. उत्तर द्यायला मला क्षणभरही वेळ लागला नाही. त्या क्षणापासून पुढे मॅडमच्या आयुष्यात जे बिघडत गेलं ते मी शेजारच्या टेबलावर बसून बघत राहिलो, आणि शेवटी तर त्यांच्याच टेबलावर बसलो. हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी त्यांच्याबद्दल जे काही चांगलं लिहीन ते श्रद्धांजलीसारखं वाटेल, आणि श्रद्धांजली वाहण्याचा मला हक्क नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, बोईसर स्टेशनपासून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर, आमचा छोटा कारखाना होता. कारखाना म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचं. पत्र्याच्या शेडमध्ये पुढच्या बाजूला प्रयोगशाळांना लागणाऱ्या पावडरी तयार व्हायच्या आणि मागच्या दोन खोल्यांत तामोरे मॅडमचं राज्य होतं. डाव्या बाजूला रंगांचा कारखाना, उजव्या बाजूला कसल्यातरी औषधांचा. गटाराचं पाणी आज कुठल्या रंगाचं आहे यावरून शेजाऱ्यांकडे काय चाललंय ते कळायचं. अशा जागी मॅडम माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन बनवायच्या.

ते प्रथिन काय करतं हे मला मुलाखतीच्या दिवशी त्यांनी सांगितलं ते अजून तसंच डोक्यात आहे. "पेशी एकाची दोन होते, ठाऊक आहे ना? व्हायच्या आधी तिला विचारावं लागतं, बाई, झाली का सगळी तयारी? नसेल तर थांब. हे थांब म्हणणारी काही प्रथिनं असतात. कॅन्सरच्या पेशी यांचं ऐकत नाहीत. का ऐकत नाहीत ते शोधणाऱ्या लोकांना हे प्रथिन हवं असतं, शुद्ध, नळीत भरलेलं. ते परदेशातून येतं आणि येईपर्यंत त्यांची निम्मी ग्रँट संपते. म्हणून आपण इथे करायचं."

माणसाचं जनुक जिवाणूत घालायचं आणि ते जिवाणू वाढवून त्यांच्याकडून माणसाचं प्रथिन करून घ्यायचं, याला रिकॉम्बिनंट म्हणतात. आज हा शब्द वर्तमानपत्रातही येतो. तेव्हा बोईसरला तो उच्चारला की रिक्षावाला कुठली कंपनी म्हणून विचारायचा. मॅडमनी त्या प्रथिनाचं लांबलचक इंग्रजी नाव आणि आकडे बाजूला ठेवून त्याला 'थांब्या' म्हणायला सुरुवात केली होती. "आज थांब्या कसा आहे?" "थांब्याला बर्फात ठेवलं का?" सगळी शेड त्याला थांब्याच म्हणायची. पावडरी भरणारे बिहारी कामगारसुद्धा, "मॅडम का थमिया."

मॅडम माहीमच्या. केळव्याजवळचं, समुद्रकाठचं माहीम. घरची होडी होती, भाऊ ती चालवायचा. त्या मुंबईला एका मोठ्या संस्थेत बरीच वर्षं काम करून, डॉक्टरेट घेऊन, आई आजारी पडली म्हणून गावी परत आल्या होत्या. याहून जास्त मला माहीत नाही आणि त्यांना विचारायची कोणाची हिंमत नव्हती. उंचीला कमी, आवाजाला मोठ्या. अंबाड्यात रोज सोनचाफ्याचं नाहीतर अबोलीचं काहीतरी असायचं. ते प्रयोगशाळेच्या दाराबाहेर एका खिळ्याला अडकवून त्या आत जायच्या. संध्याकाळी निघताना ते कोमेजलेलं फूल परत डोक्यात. "सकाळचं फूल हाय, संध्याकाळी टाकलं तर त्याला काय वाटेल," म्हणायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "घर कुठलं?"

"पालघर. वडील शाळेत संस्कृत शिकवतात."

"म्हणजे भटजी. घरात सोवळं आहे?"

"आई पाळते."

"आणि तू?"

मी जरा अभिमानाने म्हटलं, "मी नाही मानत."

"इथे मानशील," त्या म्हणाल्या आणि मला हात धुवायला पाठवलं. त्या दिवसापासून मी भटजी झालो तो शेवटपर्यंत.

त्यांचं सोवळं असं होतं. थांब्या जिवाणूच्या पोटात तयार होतो. त्याला बाहेर काढायचा तर जिवाणू फोडायचे, म्हणजे दुधासारखा गढूळ रस मिळतो. त्यात थांब्या असतो आणि जिवाणूची हजार इतर प्रथिनं असतात. त्यांतली काही फार वाईट. ती दुसऱ्या प्रथिनांचे तुकडे करतात. त्यांना मॅडम 'कात्र्या' म्हणायच्या. थांब्या बिचारा सैल अंगाचा, मोकळ्या दोऱ्यासारखा, कात्रीच्या तोंडी पहिला जाणारा. पण त्याची एक खुबी होती. सगळा रस उकळला की बाकीची प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजतात आणि खाली बसतात. कात्र्यासुद्धा मरतात. थांब्या मात्र वरच्या निवळ पाण्यात जसाच्या तसा. उकळीतून तावून निघणारी प्रथिनं फार थोडी असतात.

एकदा उकळलं की तो रस 'पांढऱ्या'त आला. मग त्याला कच्च्या रसाचं एकही भांडं, नळी, चमचा लागता कामा नये, कारण यापुढे पुन्हा उकळणं नाही आणि एखादी कात्री शिरली तर तिला मारायला काही नाही. म्हणून कच्च्या बाजूच्या प्रत्येक भांड्याच्या गळ्यात लाल दोरा आणि उकळलेल्या बाजूच्या भांड्याला पांढरा. दोन वेगळे कट्टे, दोन वेगळ्या मोऱ्या. लाल भांडं कितीही स्वच्छ धुतलं तरी पांढऱ्यात जायचं नाही. "का?" असं मी विचारलं होतं. "तुझी आई लोणच्यात ओला चमचा घालते?" "नाही." "पुसून घेतला तर?" "तरीही नाही." "आयुष्यात एवढं एकच सोवळं पाळते मी. बाकीची तुमीच पाळलीत, आमच्यापासून."

हे म्हणताना त्या हसत होत्या. मीही हसलो. नंतर कळलं की हसण्यासारखं त्यात माझ्या बाजूने काही नव्हतं.

भांडी धुवायला जानकी होती. मूळची मासवणकडची, बोईसरला बहिणीकडे राहायची. पावसाळ्यात घरच्या तुकड्यावर भातलावणीला जायची आणि मग परत कामावर. तिला वाचता येत नव्हतं. लाल आणि पांढऱ्यात तिची चूक झालेली मी कधी पाहिली नाही, पण ती काही चमत्कार करत नव्हती. मॅडमनी तिला महिनाभर शेजारी उभं राहून शिकवलं होतं आणि ती मन लावून काम करायची, एवढंच. दुपारी दोघी मागच्या पायरीवर बसून जेवायच्या. मॅडमच्या डब्यात सुका बोंबील नाहीतर करंदी, जानकीच्या डब्यात नाचणीची भाकर आणि चटणी. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मी जरा लांब बसायचो.

"भटजी, वास येतो?"

"नाही मॅडम."

"येतो त्याला. बघ जानके, नाक कसं आखडलंय."

"शिकंल," जानकी म्हणायची, "गरीब हाय."

शुक्रवारी आमच्याकडे वीज बंद. सगळ्या वसाहतीची सुट्टी त्याच दिवशी. फ्रीजर तेवढा वेळ तग धरायचा नाही आणि जनरेटरचा भरवसा नव्हता. म्हणून गुरुवारी मॅडम भावाकडून होडीवरचा बर्फ आणायच्या, मासे ठेवतात त्या पेटीत, भुशात बांधून. शेडमध्ये मासळीचा वास सुटायचा. मालक मुंबईहून यायचे. आम्ही त्यांना शेठच म्हणायचो, गुजराती, शुद्ध शाकाहारी. एका गुरुवारी ते नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मॅडम, हा बर्फ दुसरीकडून नाय भेटणार? ह्यात मच्छी होती."

"बर्फ पाण्याचाच हाय शेठ. मच्छी वर ठेवतात, आत नाय."

"पण वास..."

"वासाचं वेगळं बिल लावत नाय माझा भाऊ."

शेठ हसले. त्यांना मॅडमचं कौतुक होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पहिल्यांदा थांब्या निर्मळ निघाला तेव्हा त्यांनी सगळ्यांना मिठाई वाटली होती. त्या दिवसाचं मला मॅडमचं रूप आठवतं. उकळून, यंत्रात फिरवून, गाळ खाली बसवून त्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. वरचं पाणी इतकं निवळ की नळी रिकामी वाटावी. "यात काय दिसतं?" मला विचारलं. "काही नाही." "तेच." मग माहीमच्या मळ्यातली विड्याची पानं त्यांनी पिशवीतून काढली, घरून आणून ठेवली होती, म्हणजे खात्री होती. सगळ्यांना बाहेर पायरीवर बसवून स्वतः विडे लावून दिले. जानकीचं तोंड लाल झालेलं पाहून म्हणाल्या, "हिच्या गळ्यात आता लाल दोरा बांधा."

गिऱ्हाइकं मोजकी होती. त्यांत पुण्याच्या एका प्रयोगशाळेतली एक मुलगी होती. पीएच.डी. करत होती. तिचं सगळं काम थांब्यावर होतं. ती फोन करायची आणि मॅडम ऑफिसातल्या फोनवर तिच्याशी इतका वेळ बोलायच्या की शेठचा मुनीम येरझाऱ्या घालू लागायचा. तिला कधी भेटल्या नव्हत्या, पण "माझी पुण्याची पोर" म्हणायच्या. तिच्या पार्सलमध्ये एखादी नळी जास्तीची जायची.

आता तो गुरुवार.

पुण्याला जायचा माल तयार होता. शेवटची पायरी राहिली होती. पातळ करायचं, नळ्यांत भरायचं, गोठवायचं. शुक्रवारी वीज नाही म्हणून ते गुरुवारीच व्हायला हवं होतं. मॅडम आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून दुपारी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "भटजी, एवढं तू कर. येतं तुला."

मला संध्याकाळी वाणगावला मुलगी बघायला जायचं होतं. वडील बोईसर स्टेशनवर येऊन थांबणार होते. घरी जाऊन शर्ट बदलायला वेळ नव्हता म्हणून मी तो पिशवीत आणला होता. पातळ करायचं पाणी मोजायला लागणारा पांढऱ्या दोऱ्याचा उभा मापी ग्लास मी हातात घेतला तर तो ओला होता. जानकीने नुकताच धुतला होता. तो ओव्हनमध्ये वाळवून, थंड करून मगच वापरायचा, हा नियम. जानकी घरी गेली होती. कच्च्या कट्ट्यावर लाल दोऱ्याचा तसाच ग्लास उभा होता, सकाळचा, न धुतलेला. मी तो उचलला. डिस्टिल्ड पाण्याने विसळला. चांगला दोनदा-तीनदा विसळला. उजेडात धरून पाहिला. काही दिसत नव्हतं.

त्या ग्लासने मी पाणी मोजलं. दोरा मापण्याच्या खुणेवर येत होता म्हणून मी तो बोटाने वर सरकवला. हे मला नीट आठवतं. म्हणजे मला दोरा दिसत होता.

शनिवारी मॅडमनी एक नळी काढून तपासली. या तपासणीत प्रत्येक प्रथिनाची वेगळी पट्टी उमटते. इथे पट्टी एकच, स्वच्छ. गोठलेल्या मालात कात्र्या झोपलेल्या असतात. त्यांनी खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. माल पुण्याला गेला. मुलीकडच्यांचा होकारही त्याच आठवड्यात आला.

काही आठवड्यांनी फोन आला. मॅडम नेहमीसारख्या हसत उठल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पोरीचे महिनाभराचे प्रयोग फुकट गेले होते. थांब्या थांबवत नव्हता. तिने तपासलं तर त्याचे तुकडे झालेले. आमच्याकडच्या राखून ठेवलेल्या नळ्या मॅडमनी वितळवल्या, दोन दिवस थंड कपाटात ठेवल्या आणि तपासल्या. तुकडेच.

"कात्री शिरलीय," त्या म्हणाल्या.

शेठ दुसऱ्या दिवशी आले. पुण्याच्या प्रोफेसरांनी त्यांना फोनवर बरंच सुनावलं होतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे भांड्यांचा लोचा. ती धुणारी बाई कोण आहे? बोलवा."

जानकी ओल्या हातांनी आली आणि दारातच उभी राहिली. शेठनी तिला विचारलं, तिने मान हलवली.

"नाय शेठ. लाल तां लाल, पांढरा तां पांढरा. माजे हातून एक नाय झाला."

"पढना आता नहीं, और बोलती है नहीं हुआ."

"दोरा वाचावा लागत नाय शेठ," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मुकुंद, शेवटचं काम तू केलंस. मापायला भांडं कुठलं घेतलंस?"

भटजी नाही म्हणाल्या. मुकुंद म्हणाल्या.

मी म्हणालो, "पांढऱ्या दोऱ्याचं."

नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. नोकरी गेली नसती. मॅडमनी मला शिव्या घातल्या असत्या, पुण्याला माल परत फुकट पाठवला असता आणि महिन्याभराने पायरीवर बसून माझी चेष्टा केली असती. मी खोटं बोललो ते जानकी दारात उभी होती म्हणून. संस्कृत शिकवणाऱ्याचा मुलगा, ज्याच्या आईच्या सोवळ्याला घरात कोणी शिवत नाही, त्याला मासवणच्या भांडी धुणाऱ्या बाईसमोर म्हणायचं होतं की ओवळं माझं होतं. ते माझ्या तोंडून आलं नाही.

मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यात त्यांना क्षणभरही वेळ लागला नाही. "मग भांडी बरोबर होती," त्या शेठना म्हणाल्या. "जानकीचा दोष नाय. तिला कामाला जाऊ दे."

जानकी गेली. आणि मग दोष कुठे आहे, या प्रश्नाला एकच जागा उरली. भांडी बरोबर, हात बरोबर, मग चूक उकळण्यात. शेठ म्हणाले, "मॅडम, मी सायन्स नाय शिकलो. पण अंडा उबाला, तो उसमें से चूजा निकलेगा क्या? आणि तुमी ह्याला उकळता."

एरवी मॅडमनी याला असं उत्तर दिलं असतं की मुनीमही हसला असता. त्या दिवशी त्या नुसत्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

त्यानंतर जे झालं ते कोणाला बाहेरून दिसलं नसतं. मॅडम जास्त उकळू लागल्या. पूर्वी त्या गप्पा मारता मारता नळ्या पाण्यात सोडायच्या आणि बोलता बोलता काढायच्या. वेळ त्यांच्या अंगात होती. आता त्या घड्याळ समोर ठेवून बसू लागल्या. काढायची वेळ झाली की म्हणायच्या, "अजून थोडं राहू दे." मग अजून थोडं. उकळून उकळून थांब्याही कमी हाती येऊ लागला. पण त्यांच्या मनात एकच, कात्री पूर्ण मेली नसेल तर? पुढचे सगळे माल चांगले निघाले, कारण मी पुन्हा कधी लाल भांड्याला हात लावला नाही. पण चांगला निघालेला मालही त्यांना खरा वाटेना. निवळ नळी उजेडात धरून त्या मला विचारायच्या, "भटजी, यात काय दिसतं तुला?" आधीही त्या हेच विचारायच्या. तेव्हा त्यांना उत्तर माहीत असायचं.

मी म्हणायचो, "काही नाही, मॅडम."

पुण्याच्या पोरीने वैतागून विषय बदलला. तिचं वर्ष गेलं होतं. मॅडमनी तिला फोन करायचं सोडलं. गिऱ्हाइकं गळाली, शेठनी ते काम बंद केलं आणि मॅडमना पुढच्या शेडमध्ये पावडरी तपासायला बसवलं. तिथे त्या थोडेच महिने टिकल्या. एक दिवस खिळ्यावरचं फूल काढून डोक्यात घालून निघाल्या ते परत आल्या नाहीत. निरोप समारंभ नाही. भाऊ टेम्पो घेऊन येऊन माशांची पेटी तेवढी घेऊन गेला. पावडरींची तपासणी आणि मॅडमचं टेबल माझ्याकडे आलं. खणात लाल आणि पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं होती. मी ती टाकली नाहीत आणि वापरलीही नाहीत.

जानकी तिथेच राहिली, पावडरीच्या पिंपांच्या कामाला. मला ती "साहेब" म्हणायची. दुपारी पायरीवर एकटीच जेवायची.

लग्नानंतर तीन-चार वर्षांनी मी हे माझ्या बायकोला सांगितलं. आम्ही लोणचं भरत होतो. तिने मला चमचा आण म्हटलं आणि मी तो आधी पुसत बसलो, मग परत पुसत बसलो, तेव्हा ती म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? दरवर्षी लोणच्याला असंच करता." मी सांगायला लागलो आणि थांबता येईना. ती शांतपणे बरणी भरत ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे मला बघायला यायची घाई होती म्हणून?"

"हो."

"माझ्या नावावर ठेवू नका हे. मी तुम्हाला लवकर या म्हटलं नव्हतं." झाकणावर फडकं बांधून तिने गाठ मारली. "आणि मला सांगून काय उपयोग? माहीम इथून किती लांब आहे?"

दुसऱ्या शुक्रवारी गेलो. पालघरहून एस.टी.ने माहीमला उतरलो. केळीच्या आणि पानांच्या मळ्यांमधून वाट समुद्राकडे जाते. घर शोधावं लागलं नाही. 'मॅडम'चं घर सगळ्यांना माहीत होतं. मुलींच्या शिकवण्या घेत होत्या. अंगणात बांबूच्या वाळवणावर बोंबील लटकत होते आणि मागच्या पडवीत मॅडम स्टोव्हजवळ बसल्या होत्या. भावजयीबरोबर कोलंबीच्या लोणच्याचा छोटा धंदा सुरू केला होता. केस पिकले होते. अंबाड्यात अबोली होती.

"ये रे भटजी," त्या म्हणाल्या, जणू मी कालच भेटलो होतो. "नाक आखडू नको, बस."

स्टोव्हवर बरण्या उकळत होत्या. मोठ्या पातेल्यात, पाण्यात बुडवलेल्या. भावजय आतून ओरडली, "अगो ताई, काड ना आता त्या बरण्या. काच गं ती, काय मटण हाय?"

"अजून थोडं राहू दे," मॅडम म्हणाल्या.

मी येताना एक लांब भाषण तयार केलं होतं. त्यात परिस्थिती होती, वय होतं, वडील स्टेशनवर वाट बघत होते. ते 'अजून थोडं' ऐकलं आणि त्यातलं काही उरलं नाही.

"मॅडम, त्या दिवशी भांडं लाल दोऱ्याचं होतं."

कुठला दिवस, हे त्यांनी विचारलं नाही. स्टोव्हकडे बघत राहिल्या.

"धुतलेलं?"

"नाही. सकाळचं होतं. मी विसळलं."

"कशाने?"

"डिस्टिल्ड पाण्याने."

"नळाच्या नाय."

"नाही."

"म्हणजे तुला कळत होतं," त्या म्हणाल्या.

पातेल्यातल्या बरण्या एकमेकींवर वाजत होत्या. मग त्यांनी हात पुढे करून स्टोव्ह बंद केला. पाण्याचा आवाज हळूहळू बसला.

"मी झोपेतून उठायचे रे," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "उठून हिशोब मांडायचे. उकळायला कमी पडले का? जास्त झालं का? मुंबईला असताना केलेलं तेही चुकलं असंल का? सगळं परत मागे जाऊन बघायचे. या घरात मी कोलंबीसुद्धा चामडं होईपर्यंत शिजवते, वहिनीला विचार." त्या थांबल्या. "उकळणं बरोबर होतं."

"बरोबर होतं, मॅडम."

"तू नको सांगू. मी सांगते. बरोबर होतं."

मी म्हटलं, "मला माफ करा." आजवर कधी केला नव्हता तसा वाकून नमस्कार करायला गेलो तर त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही. बरणी पुसायचं फडकं त्यांच्या मांडीवर होतं, ते त्या नीट घडी करत होत्या.

"त्या पुण्याच्या पोरीला पत्र मी लिहीन. ती शिकवते आता कुठेतरी, पत्ता काढते. तिला कळायला पाहिजे की ती चुकली नव्हती." मग माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "आणि मला काय एकटीला सांगतोस? जानकी दारात उभी होती त्या दिवशी. ओल्या हातांनी. तिला घेऊन ये. तिच्यासमोर म्हण."

"जानकीला कामावरून काढलं नव्हतं, मॅडम. तुम्हीच..."

"शेठ तिला काय बोलला ते ऐकलंस ना तू? घेऊन ये."

निघताना त्यांनी मला लोणच्याची बरणी दिली नाही. मला द्यावी असं वाटलंही नाही.

पुढच्या शुक्रवारी जानकी मासवणला होती, तिथून मी तिला एस.टी.ने आणलं. कशाला ते न सांगता तिला एवढंच म्हटलं की मॅडमनी बोलावलंय. ती नवं लुगडं नेसून आली होती आणि डब्यात भाकरी बांधून घेतली होती. मॅडम दारात उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि बराच वेळ नुसत्या हसत राहिल्या. मग मॅडमनी तिला पडवीत बसवलं, तिचा डबा उघडला, अर्धी भाकरी मोडून घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोल."

भावजय मधल्या दारात येऊन उभी राहिली होती. मी चपला काढल्या आणि त्या दोघींसमोर, वाळवणाच्या वासात, जमिनीवर बसलो.

"जानकीबाई, त्या दिवशी शेठनी तुमच्यावर आळ घेतला. लाल भांडं लावून माल मी बाटवला होता. तुमच्या हातून काही झालं नव्हतं, आणि मॅडमच्या हातूनही नाही. मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो. मला माफ करा."